लहान टेकडी उत्तरेला आहे

लहान टेकडी उत्तरेला आहे, मोठी दक्षिणेला. दोहोंमध्ये बसका उतार आहे. नागपुरात सीताबर्डीवर जाऊन कोणालाही हे पाहता येते, पण वर्षातून मोजक्याच दिवशी, कारण जागा लष्कराच्या ताब्यात आहे. मी लहान असताना असे दिवस दोन होते: पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी. एरवी फाटक बंद.

१८१७ साली या दोन टेकड्यांवर नागपूरकर राजाचे सैन्य आणि इंग्रजांच्या पलटणी यांची लढाई झाली. इंग्रज थोडे होते आणि दोन्ही टेकड्या त्यांच्याकडे होत्या. राजाचे लोक कितीतरी जास्त होते. सकाळी राजाच्या पदरच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली आणि तिथली तोफ फिरवून मोठ्या टेकडीवर डागली. लढाई जवळपास जिंकली होती. मग खालच्या मैदानात इंग्रजांचे मूठभर घोडदळ अचानक तुटून पडले, आणि त्याच सुमारास लहान टेकडीवर दारूगोळ्याच्या गाडीचा स्फोट झाला. धूर निवळायच्या आत इंग्रजांचे शिपाई वर चढले. दुपारपर्यंत सगळे संपले. नागपूरचे राज्य त्यानंतर नावापुरते उरले.

हे मला दहाव्या वर्षी बाबांनी सांगितले, १९७३च्या पंधरा ऑगस्टला, लहान टेकडीवर उभे राहून. बाबा वर्ध्याच्या मोजणी कार्यालयात कारकून होते. शेतांचे नकाशे काढणे हे त्यांचे काम. आम्ही वर्ध्याला लागूनच असलेल्या सिंदी मेघेला राहत होतो. कार्यालयातले झेंडावंदन पंधरा मिनिटांत आटोपले आणि आम्ही नागपूरची गाडी पकडली. त्या दिवशी वर्ध्यातली बाकी सगळी मुले आपापल्या शाळेच्या मैदानावर होती. मी नुकतीच पाचवीत, हायस्कुलात गेले होते. मला ताप आला आहे, अशी चिठ्ठी शाळेत पोचती केलेली होती.

बाबांनी गोष्ट गोष्टीसारखी सांगितली नाही. त्यांनी खिशातून पाठकोऱ्या सरकारी कागदाची घडी काढली, आणि सगळ्यात आधी कोपऱ्यात एक बाण काढून त्याच्या टोकाशी ‘उ’ लिहिले.

“आधी बाण काढजो,” ते म्हणाले. “बाण नाई त नकाशा नाई. नुसतं चित्र होते.”

मग टेकड्या, उतार, तोफेची जागा, घोडदळाचे मैदान. एका टेकडीच्या माथ्यापासून दुसऱ्या टेकडीच्या माथ्यापर्यंत आम्ही पावले मोजत गेलो. बाबांची तीनशे सत्तर भरली, माझी पाचशे बारा. दोन्ही आकडे त्यांनी कागदावर लिहिले. पहाऱ्यावरचा शिपाई आमच्याकडे पाहत होता. शेवटी त्याने हिंदीत विचारले, “काही हरवलं आहे का?”

परत लहान टेकडीवर आल्यावर मी विचारले, “दारूच्या गाडीले बैल होते का, बाबा?”

“असतीन. गाडी का आपल्या पायानं चढली?”

“मंग त्यायचं काय झालं?”

बाबांनी जरा विचार केला. “ते कोनं लिहून नाई ठेवलं.”

हे उत्तर मला पटले नाही. अधिकारी किती पडले, तोफा किती होत्या, हे लिहिलेले होते. बाबांनीच ते सांगितले होते. बैलांचे मात्र कोणी लिहिले नव्हते. परतीच्या गाडीत मी हेच पुन्हा पुन्हा विचारत होते. सेवाग्रामच्या अलीकडे बाबांना झोप लागली.

पुढच्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला मी ती लढाई केली.

पोळ्याला शेतकऱ्यांचे खरे बैल मिरवतात. आमच्या भागात त्याचा दुसरा दिवस मुलांचा असतो, तो तान्हा पोळा. लाकडी नंदी, पायाखाली चाके, गळ्यात दोरी. नंदी सजवून तोरणाखाली रांगेत उभे करायचे, परीक्षक फिरतात, चांगल्या नंद्यांना बक्षिसे मिळतात. कोणी झूल घालते, कोणी शिंगांना बेगड लावते. मी घरातला मोठा पाट घेतला, त्यावर काळ्या मातीच्या दोन टेकड्या केल्या, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या, काड्यांचे शिपाई रोवले आणि लहान टेकडीवर पुठ्ठ्याची गाडी चढवून तिला माझा नंदी जुंपला. एकच, कारण माझ्याकडे नंदी एकच होता. वडनेरच्या मामाने मागच्या हंगामातला मूठभर कापूस दिला होता, तो विस्कटून स्फोटाचा धूर केला. पाटाच्या कोपऱ्यात खडूने बाण काढला. मारुतीच्या देवळापुढच्या मैदानावर बाबांनी उन्हाकडे पाहून पाट नीट लावून दिला, म्हणजे बाण खऱ्या उत्तरेकडे राहील असा.

परीक्षक होते आमच्या हायस्कुलातले इतिहासाचे मास्तर. वर्ध्यात त्यांना टेकडीवाले मास्तर म्हणत. त्यांचे खापरपणजोबा त्या लढाईत राजाकडून लढले होते आणि अरबांच्या बरोबरीने लहान टेकडीवर चढले होते, असे मास्तरांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत. मास्तर ते दरवर्षी प्रत्येक वर्गात सांगत. सांगत चांगले. शेवटच्या बाकावरची पोरेही गप्प बसत.

ते माझ्या पाटापुढे थांबले.

“लढाई केली का? वा रे वा. लहान टेकडी कोनती हाय?”

मी दाखवली.

“आन् उत्तर कोनती?”

मी बाण दाखवला.

मास्तर हसले आणि मागे वळून लोकांना म्हणाले, “माया खापरपणजोबाची टेकडी हिनं उत्तरेले नेऊन ठेवली!”

“मी पाह्यली, सर. वर जाऊन.”

“कधी?”

“पंधरा ऑगस्टला. मागच्या.”

“मागच्या पंधरा ऑगस्टले तुले ताप होता. माया हातात होती चिठ्ठी.”

लोक हसले. मास्तर खाली वाकले, पाट दोन्ही हातांनी धरला आणि अर्धा फिरवला. शिपाई कलंडले, कापूस खाली पडला. लहान टेकडी आता दक्षिणेला आली होती आणि बाण उलटा झाला होता. त्यांनी तो अंगठ्याने पुसला.

“मोजणीवाल्याची पोरगी हाय न तू?” अंगठ्याचा खडू झटकत ते म्हणाले. “बाप वावरं बी अशीच मोजून राह्यला काय? उत्तरेचं दक्षिणेले?”

या वेळी हसणे मोठे होते. मैदानावरच्या निम्म्या लोकांचे धुऱ्याचे, म्हणजे शेताच्या बांधाचे, वाद कधी ना कधी बाबांच्या टेबलावरून गेले होते. कोणीतरी ओरडले, “म्हनूनच माया धुरा सरकला, बापा!” पुन्हा हसणे झाले. बाबा रांगेच्या मागे उभे होते. तेही हसले.

पहिले बक्षीस आरशांची झूल घातलेल्या एका नंदीला मिळाले.

घरी आल्यावर मी बाबांना विचारले, “तुम्ही काऊन नाई बोलले?”

“तापाची चिठ्ठी मीच लिहून देल्ली होती,” बाबा म्हणाले. “तिथं काय बोलू? जाऊ दे. मास्तर मानूस हाय.”

मी जाऊ दिले नाही. टेकडीवरचा तो कागद बाबांच्या पेटीत होता. मी तो काढून घेतला आणि त्याच्या मागे लिहिले: लहान टेकडी उत्तरेला आहे. मास्तरांनी हे वाक्य त्याच मैदानावर, त्याच लोकांपुढे आणि बाबांपुढे बोलले पाहिजे, असे त्या संध्याकाळी ठरवले. अकरा वर्षांच्या मुलीचे ठरवणे टिकत नाही असे म्हणतात. माझे टिकले.

पुढच्या पोळ्याला आम्ही वडनेरला मामाकडे होतो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पहाटे गावातली पोरे मारबत, म्हणजे गावाची पीडा, बाहेर घालवतात. रोगराई, ढेकूण, डास, खोकला, जे काही गावाला नको असेल ते घेऊन जा, असे ओरडत शिवेपर्यंत जायचे. मी सगळ्यांच्या वर आवाज चढवून ओरडले, “मास्तरले घेऊन जाय गे मारबत!”

मामा अंगणात दात घासत उभा होता. तो तोंडातला फेस सांभाळत म्हणाला, “कोन्या मास्तरले वं?”

“टेकडीवाल्या.”

“मास्तर गेला त तुले शिकवन कोन?”

“मी शिकीन माया मी.”

मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. मारबतीने मास्तरांना नेले नाही. दहावी होईपर्यंत तेच मला इतिहास शिकवत होते. तोंडी परीक्षेत ते दरवेळी मला एक प्रश्न विचारत, लहान टेकडी कुठे? मी म्हणे, उत्तरेला. ते वहीत शून्य लिहीत आणि पुढच्या मुलीला बोलावत. आवाज चढवत नसत. माझी उत्तरे त्यांना मजेची वाटत असावीत.

दर पंधरा ऑगस्टला मला ताप येई. सव्वीस जानेवारीला पोट दुखे. बाबा चिठ्ठी लिहीत, आम्ही गाडी पकडत, टेकडीवर जात, पावले मोजत. कागदावर माझे आकडे उतरत गेले: चारशे नव्वद, चारशे एकाहत्तर, चारशे चाळीस. बाबांचे तीनशे सत्तर कायम राहिले. शिपाई बदलत. एका शिपायाने आम्हाला लष्करी नकाशे चोरायला आलेले समजून पाऊण तास बसवून ठेवले होते. शेवटी बाबांनी त्याला मोजणी कार्यालयाचे ओळखपत्र दाखवले आणि त्याच्या गावाकडच्या शेताचा वाद सोडवायची युक्ती सांगितली.

शिकायला नागपुरात गेले तेव्हा पहिले काम ग्रंथालयाचे सभासद होण्याचे केले. इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या हकिगती, गॅझेटियर, जुने नकाशे. शब्दकोश शेजारी ठेवून वाचत होते. सुरुवातीला फक्त टेकडीची दिशा शोधत होते. ती सगळीकडे एकच होती. मग इतर गोष्टी शोधू लागले. तोफ गार करायला पाणी कुठून येत होते, टेकडीच्या पायथ्याशी झोपड्या किती जवळ होत्या, शिपायांनी आडोशाला धान्याची पोती रचली होती ती कुठून आणली. बैलांचे काही सापडले नाही. मैत्रिणी सिनेमाला जात, मी १८१७ सालात जाई. यात विद्येची ओढ किती आणि मास्तरांवरचा दात किती, हे मी तेव्हा तपासले नाही. ग्रंथालयात कंटाळा आला की पाटावरचा तो अंगठा आठवे आणि आणखी दहा पाने वाचून होत.

मास्तरांची चूक कशी झाली, हेही तिथेच समजले. त्यांच्या घरातल्या गोष्टीत एक वाक्य कायम असे: चढताना सकाळचे ऊन डाव्या गालावर होते. उगवतीचे ऊन डाव्या गालावर म्हणजे तोंड दक्षिणेकडे. म्हणून मास्तरांनी टेकडी दक्षिणेची मानली. पण उत्तरेच्या टेकडीवर तिच्या उत्तर बाजूने चढणाऱ्याचेही तोंड दक्षिणेकडेच असते. वर जाऊन एकदा उभे राहिले तर हे दोन मिनिटांत कळते. म्हणजे मास्तर वर कधी गेलेच नव्हते. हे लक्षात आले त्या दिवशी मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर बसून दोन कप चहा प्यायले. एवढा आनंद मला पदवी मिळाल्यावरही झाला नाही.

शिक्षण संपवून मी नागपुरातल्या एका दैनिकात उपसंपादक झाले. रविवारची पुरवणी माझ्याकडे होती. आलेला मजकूर वाचायचा, छाटायचा, दुरुस्त करायचा, मथळा द्यायचा, प्रूफ तपासायचे. तारीख, आडनाव, दिशा, आकडा, या चार गोष्टी स्वतः पडताळल्याशिवाय पान सोडायचे नाही, असा आमच्या पुरवणीप्रमुखांचा दंडक होता. मला तो शिकवावा लागला नाही.

१९८५ साली टपालात एक लेख आला. आखीव ताव, निळी शाई, वळणदार अक्षर. अक्षर मी पाकिटावरच ओळखले. निवृत्तीला आलेल्या मास्तरांनी खापरपणजोबांवर लिहिले होते. तिसऱ्याच परिच्छेदात वाक्य होते: ‘दक्षिणेकडील लहान टेकडीवर तो प्रथम चढला.’

मी लेख नीट संपादित केला. शुद्धलेखनाच्या चुका सुधारल्या, लांबलेली दोन वाक्ये तोडली, एक विशेषण काढले. दिशेला हात लावला नाही. मग मथळा दिला: ‘दक्षिण टेकडीचा वीर’. तो सहा स्तंभी लावला. टाइप जुळवणारा जुळारी म्हणाला, “बाई, एवढा मोठा टाइप?” मी म्हणाले, “ठसठशीत दिसला पाहिजे.”

चूक माहीत असून सोडणे हा आमच्या धंद्यातला गुन्हा आहे. चूक माहीत असून मथळ्यात चढवणे याला नाव नाही. मी ते केले. ज्याने बाण पुसला, त्याची चूक सगळ्या विदर्भाने वाचावी, एवढाच हेतू होता.

मला वाटले होते पत्रांचा ढीग येईल. दोन आली. एकात मास्तरांचे अभिनंदन होते. दुसरे नागपूरच्या एका निवृत्त लष्करी माणसाचे: ‘लेखकाने ही टेकडी कधी पाहिली आहे काय?’ ते मी चौकटीत छापले. त्या दिवशी दुपारचा चहा गोड लागला.

चार दिवसांनी बाबांचे पोस्टकार्ड आले. ख्यालीखुशालीनंतर लिहिले होते: ‘मास्तरांचा लेख वाचला. मथळ्यातच दिशा चुकली आहे. ते पान तू पाहतेस असे मी कार्यालयात सर्वांना सांगून ठेवले होते. आता ते मला विचारत आहेत. बाण आधी.’

त्यांनी चूक माझी धरली होती, आणि ती होतीच. मी त्या दुपारी पुरवणीप्रमुखांकडे गेले.

“तुझ्याकडून?” ते म्हणाले. “सीताबर्डीची दिशा? तुझ्याकडून?”

“हो.”

“झोपली होतीस का?”

पुढच्या रविवारी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली: लहान टेकडी दक्षिणेला नसून उत्तरेला आहे, नजरचुकीने तसे प्रसिद्ध झाले. नजरचुकीने हा शब्द खोटा होता. तोही मीच लिहिला.

दुरुस्ती कोणी वाचत नाही. मथळा वाचतात. दुसऱ्या वर्षी सिंदी मेघेच्या तान्ह्या पोळ्याला परीक्षक म्हणून मला बोलावणे आले. आपल्या भागातली पोरगी पेपरात आहे, म्हणून. मी गेले. मारुतीपुढचे तेच मैदान, तेच तोरण. यंदा रांगेत साध्या नंद्यांबरोबर पाच पाट होते, आणि पाचही पाटांवर मातीच्या दोन-दोन टेकड्या होत्या. त्याच वर्षी निवृत्त झालेले मास्तर पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले होते. मुलांना लढाई करायला त्यांनीच सांगितले होते. बाबा चौथ्या रांगेत होते.

पाची पाटांवर लहान टेकडी दक्षिणेला होती.

पहिला पाट एका आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा होता. मी वाकून विचारले, “लहान टेकडी इकडे काऊन केली?”

“पेपरात हाय न, बाई,” ती म्हणाली. “शाळेत फ्रेम लावली हाय. दक्षिण टेकडीचा वीर.”

मथळा तिने पाठ म्हणून दाखवला. माझा मथळा होता.

बक्षिसांआधी परीक्षकाने दोन शब्द बोलायची पद्धत आहे. मी माइक घेतला आणि म्हणाले, “सर, एक विचारायचं होतं. तुम्ही टेकडीवर कधी गेलात?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, मग लोकांकडे. “टेकडी उघडते पंधरा ऑगस्टले आन् सव्वीस जानेवारीले,” ते म्हणाले. “त्या दिवशी मी कुठं राहतो, हे साऱ्या वर्धेले ठाऊक हाय. लेझीम कोन घेते? भाषणं कोन बसवते? बक्षिसं वाटता वाटता दुपार होते.”

लोक हसले, त्यांच्या बाजूने हसले. हे मला सुचले नव्हते. मास्तर वर गेले नाहीत एवढे मला माहीत होते; का गेले नाहीत, याचा मी कधी विचार केला नव्हता. ज्या दोन दिवशी फाटक उघडे, त्याच दोन दिवशी शाळामास्तराला हलता येत नाही. तीसेक वर्षांत एकदाही नाही. हे कळल्यावर थांबता आले असते. मी थांबले नाही.

“म्हणजे गेला नाहीत,” मी म्हणाले.

“स्टेशनच्या पुलावरून पाह्यली.”

“वर गेला नाहीत.”

“नाई गेलो. पन पेपरात छापून आलं हाय, बाई. तुमच्याच.”

“पुढच्या रविवारी दुरुस्ती आली होती. ती फ्रेममध्ये नाही.”

मी पर्समधून तो पाठकोरा कागद काढला, आता घडीवर फाटलेला. बाण, दोन टेकड्या, उतार, आणि बाजूला तेरा वर्षांची पावले. तारखांसकट सगळे आकडे मी माइकवर वाचून दाखवले. वाचायला वेळ लागला.

“कोनं काढला हा नकाशा?” मागून कोणीतरी विचारले.

“मोजणीवाल्यानं,” मी म्हणाले.

मग एक म्हातारा शेतकरी ओरडला, “मास्तर, मोजनीचा कागद हाय! सरकवा आता धुरा!”

तेच मैदान होते आणि तोच विनोद, आणि हसणे बारा वर्षांपूर्वीच्या हसण्यापेक्षा मोठे होते. या खेपेला मास्तर हसले नाहीत.

मी माइक त्यांच्यापुढे धरला. “लहान टेकडी कुठं आहे, सर?”

“उत्तरेले,” मास्तर म्हणाले.

“माइकमध्ये, सर. मागं ऐकू गेलं नाही.”

“उत्तरेले हाय,” ते मोठ्याने म्हणाले. “लहान टेकडी उत्तरेले हाय.”

मग ते उठले. कोणी सांगितले नव्हते. पहिल्या पाटापाशी गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि पाट अर्धा फिरवला. दुसरा फिरवला. ओल्या मातीचे पाट जड असतात. मी माइक धरून उभी होते. मदत केली नाही. तिसऱ्या पाटाला त्यांचा हात सुटला, तेव्हा बाबा चौथ्या रांगेतून उठून आले आणि पाटाची दुसरी बाजू त्यांनी धरली. उरलेले तीन पाट दोघांनी मिळून फिरवले. बाबांनी प्रत्येक वेळी उन्हाकडे पाहून घेतले. माझ्याकडे पाहिले नाही.

बक्षीस वाटून झाल्यावर मास्तर माझ्याजवळ आले. “तूच न ते,” ते हळू म्हणाले. “कापूस होता तुया टेकडीवर. धूर चांगला केलता.”

मी नमस्कार केला आणि बाजूला झाले.

घरी जाताना बाबा म्हणाले, “झालं?”

“झालं.”

घराच्या फाटकाची कडी काढताना ते म्हणाले, “मास्तर आता मोकये झाले. त्यायले एकदा वर नेजो.”

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दैनिकाच्या पत्त्यावर मास्तरांचे पोस्टकार्ड आले. निळी शाई, तेच अक्षर. सव्वीस जानेवारीला नागपूरला येऊ शकतो, गुडघ्यांमुळे एकट्याने चढणे होणार नाही, सकाळच्या गाडीने आल्यास स्टेशनवर कोणी भेटेल काय, असे विचारले होते. खाली सही. कोपऱ्यात एक लहान बाण काढला होता आणि त्याच्या टोकाशी ‘उ’ लिहिले होते.

मी काही कळवले नाही. सव्वीस जानेवारीला मी एकटीच टेकडीवर गेले. स्टेशन वाटेतच आहे. मी तिकडे वळले नाही. माथ्यापासून माथ्यापर्यंत माझी चारशे एकोणीस पावले भरली, ती कागदावर लिहिली. लहान टेकडीवर बराच वेळ उभी होते. तिथून स्टेशनचा पूल दिसतो. पुलावर पुष्कळ माणसे होती. एवढ्या लांबून एकेक माणूस ओळखता येत नाही.

दोन वर्षांनी मास्तर गेले. टेकडीवर ते कधी आले नाहीत. त्यानंतरही बाबांनी मला कधी विचारले नाही, आणि मी सांगितले नाही. पोस्टकार्ड त्याच पाठकोऱ्या कागदाच्या घडीत ठेवले आहे.